पुडीवर नाव लिहा : पौरुषग्रंथीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि वैद्याचे पूर्वकर्म-पश्चात्कर्म



साठी ओलांडलेल्या पुरुषाला रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, मूत्राची धार बारीक होते, पुन्हा पुन्हा जाऊनही समाधान होत नाही. अशा वेळी तो प्रथम कोणाकडे जातो? मुंबई-पुण्याचे मला ठाऊक नाही. बोदवडसारख्या तालुक्याच्या गावी तो बहुधा आपल्याकडे येतो, किंवा थेट औषधाच्या दुकानी जातो. मूत्ररोगतज्ज्ञाची गाठ पडण्यासाठी त्याला भुसावळ अथवा जळगाव गाठावे लागते आणि ते काम 'कापूस वेचून झाल्यावर पाहू' असे म्हणत पुढे ढकलले जाते. म्हणून या विषयात वैद्याची जबाबदारी मोठी आहे, असे मी मानतो. ती पार पाडण्यात मी स्वतः एकदा कमी पडलो. त्या अनुभवावरूनच हा लेख लिहीत आहे.

एक रुग्णानुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साठीपुढचे एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे येऊ लागले. गावात त्यांना सारे आप्पा म्हणत. वारंवार मूत्रप्रवृत्ती ही मुख्य तक्रार. मी वाताष्ठीलेचे निदान केले आणि गोक्षुरादि गुग्गुळ, चंद्रप्रभा वटी व पुनर्नवेचा काढा अशी योजना केली. सहा-सात महिन्यांत रात्रीचे उठणे चारवरून दोनवर आले. आप्पा समाधानी होते, मीही समाधानी होतो. पुढे मुलाने भुसावळला त्यांच्या सर्व तपासण्या करविल्या, तेव्हा रक्तातील पीएसए पुष्कळ वाढलेला निघाला. ग्रंथीचा तुकडा काढून तपासला असता कर्करोगाचे निदान झाले. रोग ग्रंथीपुरताच मर्यादित असल्याने शस्त्रक्रिया ठरली आणि मुंबईतील एका रुग्णालयात पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

जाण्यापूर्वी आप्पा मला भेटावयास आले. मी धीर दिला आणि बल्य म्हणून आणखी काही पुड्या बांधून दिल्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी चौकशी केली, 'कोणती औषधे चालू आहेत?' आप्पांनी पिशवीतून पुड्या काढून समोर ठेवल्या. त्यांवर 'सकाळ-संध्याकाळ' एवढेच लिहिलेले होते. रात्री मुलाचा मला दूरध्वनी आला. मी गुग्गुळ, लशुनकल्प व अश्वगंधा ही नावे सांगितली. परिणामी शस्त्रक्रिया दोन आठवडे लांबली. ऐन वेचणीच्या हंगामात ते कुटुंब मुंबईत खर्चात पडून राहिले. परत आल्यावर आप्पा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, 'वैद्यबुवा, पुडीवर नाव लिहिलं असतं तर बरं झालं असतं.'

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. निदानाच्या वेळी मी एक चूक केली आणि पूर्वकर्माच्या वेळी दुसरी. दोन्हींचे मूळ एकच होते. माझी चिकित्सा माझ्या दवाखान्याच्या चार भिंतींत संपते, असे मी गृहीत धरले होते.

स्पर्शाविना अष्ठीलेचे निदान

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील वाताष्ठीलेचे वर्णन आपणा सर्वांस पाठ आहे. गुद आणि बस्ती यांच्या मधल्या जागी दगडासारखी घट्ट, न हलणारी, वर आलेली गाठ, असे ते वर्णन आहे. पौरुषग्रंथीची, म्हणजेच प्रोस्टेटची जागा नेमकी हीच. अष्ठीला म्हणजे प्रोस्टेटचाच विकार असे आग्रहाने म्हणण्याची आवश्यकता नाही. परंतु माझा प्रश्न असा, की गाठ घट्ट आहे की मऊ, हे स्पर्श केल्याविना मी कसे ठरविले? दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेतील स्पर्शन मी संकोचामुळे गाळले होते. गुदमार्गाने बोटाने केलेल्या परीक्षेत वयोमानाने वाढलेली ग्रंथी बहुधा मऊ-लवचीक लागते. टणक, खडबडीत ग्रंथी लागल्यास शंका घ्यावीच लागते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मूत्राच्या बहुसंख्य तक्रारी साध्या ग्रंथीवृद्धीच्या असतात आणि आरंभीच्या कर्करोगात पुष्कळदा लक्षणच नसते. आपल्या औषधाने लक्षण कमी झाले, याचा अर्थ कर्करोग नाही असा होत नाही. दुसरी, पीएसए वाढणे म्हणजे कर्करोग असेही नाही. मूत्रमार्गाच्या संसर्गातही तो वाढतो. निर्णय तज्ज्ञाने घ्यावयाचा, तपासणीस वेळीच पाठवावयाचे काम आपले. त्यातही उतारवयात नव्याने उद्भवलेला, रात्री वाढणारा कटिशूल मूत्राच्या तक्रारीसोबत असेल तर केवळ वातव्याधी म्हणून कटिबस्ती सुरू करू नये. हा कर्करोग मणक्यांत पसरतो. पायांत बळ कमी होऊ लागले तर तो रुग्ण त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचला पाहिजे.

सुश्रुतांनी सांगितलेली भीती

अश्मरीचिकित्सेच्या अध्यायात सुश्रुताचार्य शस्त्रकर्माआधी राजाची अनुज्ञा घेण्यास सांगतात. शस्त्र न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यशाचा संशय, हे ते लपवीत नाहीत. पुढे शस्त्रकर्मात जपावयाची आठ स्थाने सांगून प्रत्येकाच्या इजेचे फळही देतात. शुक्रवह स्रोतसाला इजा झाल्यास मृत्यू किंवा क्लैब्य, मुष्कस्रोतसाला झाल्यास ध्वजभंग आणि मूत्रप्रसेकाला झाल्यास मूत्र झिरपत राहणे, असे ते वर्णन आहे.

आज पौरुषग्रंथी समूळ काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास जे दोन प्रमुख उपद्रव सांगितले जातात, ते हेच : मूत्रावरील ताबा सुटणे आणि ध्वजभंग. अमेरिकेत ह्यू हॅम्प्टन यंग यांनी सन १९०४ मध्ये ही शस्त्रक्रिया प्रथम केली. ध्वजोत्थानाच्या नसा वाचविण्याची पद्धत पॅट्रिक वॉल्श यांनी सन १९८२ मध्ये आणली. आता यंत्रमानवाच्या साहाय्यानेही ती होते. तरीही हे दोन उपद्रव पूर्णतः टळलेले नाहीत. रुग्ण मात्र शस्त्रक्रियेच्या दालनात ते विचारावयास लाजतो आणि घरी येऊन आपणास विचारतो. म्हणून आधीच, शक्य तर पत्नीसमक्ष, हे शांतपणे सांगणे हे पूर्वकर्मच होय.

पूर्वकर्म : काय थांबवावे, काय सुरू करावे

प्रथम घाई आणि दिरंगाई या दोहोंविषयी. ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांचा पंधरा वर्षे मागोवा घेऊन सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात ग्रंथीपुरत्या मर्यादित रोगाचे रुग्ण होते. शस्त्रक्रिया, किरणोपचार अथवा सतर्क देखरेख यांपैकी कोणताही मार्ग दिलेला असो, या रोगाने झालेले मृत्यू सुमारे तीन टक्केच आढळले. म्हणजे निदान झाले म्हणून उद्याच शस्त्र लागते असे नाही. काही सौम्य रोग्यांस देखरेखही पुरते. तयारीस आठवडे मिळतात. परंतु हा रोग कोणत्या दर्जाचा आहे हे तुकड्याच्या तपासणीवरून ठरते, नाडीवरून नव्हे. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या रुग्णास 'आधी वर्षभर आपले औषध घेऊन पाहू' असे सांगणे हा अपराध आहे.

थांबविण्याच्या गोष्टी. शस्त्रक्रियेपूर्वी वनौषधी सर्वसाधारणपणे दोन आठवडे बंद कराव्यात, हा भूलतज्ज्ञांचा संकेत आहे आणि तो पाळण्यात कमीपणा नाही. गुग्गुळ व लशुनकल्प यांनी रक्त गोठण्यात अडथळा येऊ शकतो. सर्पगंधेमुळे भुलेच्या वेळी रक्तदाब धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास पोटॅशियम घटते. कारले, मेषशृंगी यांचे चूर्ण चालू असता उपाशी पोटी साखर अकस्मात खाली जाऊ शकते. अश्वगंधेने गुंगीच्या औषधाचा प्रभाव वाढू शकतो. कामिनीविद्रावण रसासारखे अहिफेनयुक्त कल्प कोणी गुपचूप घेत असेल, तर ते भूलतज्ज्ञास कळलेच पाहिजे. अन्यथा वेदनाशामकाची मात्रा चुकते. उलटपक्षी, हृदयरोगासाठी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी आपण आपल्या अधिकारात कधीही बंद करू नये. ती केव्हा थांबवावयाची हे शल्यचिकित्सक व हृदयरोगतज्ज्ञ ठरवितात.

शोधनाविषयी माझे मत स्पष्ट आहे. सुश्रुतांनी अश्मरीच्या रुग्णास स्निग्ध, शुद्ध व किंचित कृश करून घेण्यास सांगितले आहे. स्थूल रुग्णाने मधल्या आठवड्यांत थोडे वजन उतरविणे हे त्यास धरूनच आहे. परंतु सत्तरीच्या क्षीण रुग्णास शस्त्रक्रियेच्या तोंडावर विरेचन देऊन त्याच्या अंगातील पाणी व क्षार घालविणे हे बलाबल न पाहता केलेले कर्म ठरेल. त्याला मूग, डाळी, दूध, आणि चालत असल्यास अंडी, असा बल देणारा आहार द्यावा. उपाशी राहण्याची सूचना काटेकोरपणे पाळावी. अश्मरीची गणना सुश्रुतांनीही सूत्रस्थानात उपाशी पोटी करावयाच्या कर्मांत केली आहे.

सुरू करण्याच्या गोष्टी तीन. बिडी व तंबाखू-चुना किमान चार आठवडे आधी बंद. रोज अर्धा-पाऊण तास चालणे व दीर्घश्वसन. आणि तिसरी, जी आपल्याइतकी चांगली कोणी शिकवू शकत नाही, ती म्हणजे मूलबंधाचा अभ्यास. मूत्र मध्येच रोखताना जे स्नायू आवळतात तेच हळूच आवळावेत, पाच अंक मोजेपर्यंत धरावेत, तितकाच वेळ सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नये, पोट आवळू नये. अमेरिकन वैद्य अर्नोल्ड केगेल यांनी सन १९४८ मध्ये हाच व्यायाम प्रसूत स्त्रियांच्या मूत्रस्रावासाठी सांगितला. शस्त्रक्रियेआधी तो अंगवळणी पडला तर नंतर ताबा लवकर येण्यास साह्य होते.

खर्चाचाही विचार पूर्वकर्मातच करावा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण सन २०२४ पासून कुटुंबास वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत झाले आहे व तीत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. निवडलेले रुग्णालय योजनेत आहे किंवा नाही, याची चौकशी गाडीत बसण्यापूर्वी करण्यास रुग्णाच्या मुलास सांगावे.

पश्चात्कर्म : गावी परतल्यानंतर

रुग्ण बहुधा मूत्रनळीसह घरी परततो. ही नळी साधारणतः एक ते दोन आठवडे असते. मूत्राशय व मूत्रमार्ग यांचा नवा जोड तिच्या आधारावर भरून येत असतो. म्हणून पहिला नियम : नळी तुंबली किंवा निसटली तर गावात कोणीही, कितीही अनुभवी असला तरी, आपल्या हाताने नवी नळी घालू नये. जोड फाटू शकतो. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना त्याच क्षणी कळवावे. शौचास जोर केल्यावर थोडे रक्त उतरणे सामान्य आहे. गाठी पडून मूत्र थांबणे ही मात्र तातडीची अवस्था होय. सुश्रुतांनाही मूत्राशय रक्ताने भरण्याची हीच भीती होती आणि त्यासाठी त्यांनी क्षीरी वृक्षांच्या काढ्याने पुष्पनेत्राद्वारे धावन सांगितले. आज ते धावन रुग्णालयातच व्हावे. आपण काढा वापरण्याचा मोह टाळावा.

दुसरा नियम : गुदमार्गाने काहीही नाही. अनुवासन नाही, निरूह नाही, मात्राबस्तीही नाही. ग्रंथी काढलेली जागा गुदाच्या भिंतीस लागूनच असते. शल्यचिकित्सकाच्या स्पष्ट संमतीविना बस्तीचे नाव काढू नये. मलावष्टंभ होऊ न देणे हेच त्यावर उत्तर. मुगाची मऊ खिचडी, साजूक तूप, दुधी, भिजविलेल्या मनुका, पुरेसे पाणी आणि संमतीने इसबगोल. कळण्याची भाकरी आणि ठेचा यांस थोडे दिवस थांबावे लागेल, हे खान्देशी माणसास पटविणे कठीण असते, परंतु पटवावे.

तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शस्त्रक्रियेनंतर एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, की घरचे लोक नारायण तेल घेऊन आपल्याकडे येतात. तेथे अभ्यंग करू नये, स्वेदन करू नये. ती खोल शिरेत गोठलेल्या रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. धाप किंवा छातीत कळ असेल तर एक क्षणही दवडू नये.

मूलबंधाचा अभ्यास नळी असेतो थांबवावा व ती निघाल्यावर पुन्हा सुरू करावा. कपालभाती व पोटावर ताण देणाऱ्या क्रिया काही आठवडे वर्ज्य. सुश्रुतांनी अश्मरीच्या रुग्णास व्रण भरल्यावरही वर्षभर मैथुन, अश्वारोहण, वृक्षारोहण, पोहणे व गुरू आहार वर्ज्य सांगितला. आजचा काळ इतका मोठा नसतो. तरी सुमारे सहा आठवडे जड ओझे, सायकल, मोटारसायकल व ट्रॅक्टर टाळणे योग्य. शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीस मोटारसायकलने जाण्याचा नेम असेल तर तो त्या काळापुरता घरूनच हात जोडून पाळावा.

मूत्रावरील ताबा बहुतेकांस तीन ते बारा महिन्यांत येतो. तोपर्यंत माणूस लग्नकार्यास जाणे टाळतो, पारावर बसणे सोडतो. त्याला लंगोटासारखे शोषक पॅड वापरण्याचे सांगावे आणि हे तात्पुरते असते असा धीर द्यावा. ध्वजोत्थान परतण्यास दीड-दोन वर्षेही लागतात, काहींस ते परतत नाही. वीर्य बाहेर पडणे तर कायमचे थांबते, कारण ते निर्माण करणारे अवयवच काढलेले असतात. 'धातू गेला' या भयाने रुग्ण खचतो. वीर्यस्राव नाही म्हणजे सर्वांग शुक्रसार नष्ट झाले असे नव्हे, हे समजावून सांगण्याचा अधिकार वैद्याइतका कोणास आहे?

मात्र येथेच वाजीकरणाचा मोह होतो. पौरुषग्रंथीचा कर्करोग पुरुष-संप्रेरकावर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी सन १९४१ मध्ये दाखविले आणि त्यासाठी त्यांना सन १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून शुक्रल द्रव्ये शल्यचिकित्सकाच्या संमतीविना देऊ नयेत. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे ते तीन महिन्यांत पीएसए जवळजवळ शून्यावर यावा लागतो. पुढे तो ०.२ च्या वर चढू लागल्यास रोग परतल्याची शंका घेतात. कोणतेही रसायन या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

औषधविक्रेते मित्रांसाठी

आपल्या दुकानातील तीन गोष्टींकडे लक्ष वेधतो. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्या वृद्ध पुरुषाचे मूत्र एका रात्रीत कोंडू शकतात, म्हणून देण्यापूर्वी मूत्राची तक्रार विचारावी. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड या गोळ्या चिठ्ठीविना देऊ नयेत. काही महिन्यांच्या सेवनाने पीएसए सुमारे निम्मा दिसतो आणि कर्करोग झाकला जातो. आणि नावाविना येणाऱ्या 'शक्ती'च्या चूर्णांत सिल्डेनाफिलची भेसळ असू शकते. हृदयरोगासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्यास ती प्राणघातक ठरते.

अमेरिकेत 'पीसी-स्पेस' या नावाने आठ वनस्पतींचे एक औषध याच कर्करोगासाठी विकले जात होते. त्याच्या नमुन्यांत रक्त पातळ करणारे वॉरफेरिन व स्त्री-संप्रेरकाचे कृत्रिम रूप निघाले आणि सन २००२ मध्ये ते बाजारातून मागे घ्यावे लागले. वनौषधीवरील विश्वासास त्याने जी हानी पोहोचविली, ती कोणत्याही टीकाकाराने पोहोचविली नसती. आपल्याकडे सन १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात कर्करोग व पौरुषग्रंथीचे विकार हे दोन्ही आहेत. ते बरे करण्याची जाहिरात दुकानाच्या फलकावरही करता येत नाही, याचे स्मरण असावे.

एक विनंती

काही बंधू म्हणतील, मोठ्या रुग्णालयांपुढे आपण आपली औषधे उघडी करून का मांडावीत? तेथे तर आयुर्वेदाचे नाव निघताच 'सर्व बंद करा' असे सांगितले जाते. ही व्यथा मलाही आहे. परंतु नाव नसलेल्या पुडीविषयी भूलतज्ज्ञाने दुसरे काय सांगावे? द्रव्याचे नाव, मात्रा, किती दिवस घेतले आणि केव्हा थांबविले, हे लिहून दिले तर तोही विचार करून उत्तर देतो, असा माझा त्यानंतरचा अनुभव आहे. राजासमोर धोका उघड सांगून शस्त्र उचलणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. झाकून ठेवणे आपल्याला शोभत नाही.

म्हणून आपल्या संघटनेने एक पानी रुग्णपत्र छापावे, अशी सूचना मी करतो. त्यात चार रकाने पुरेत : औषधाचे नाव व घटक, मात्रा, आरंभ, समाप्ती. खाली वैद्याची स्वाक्षरी व दूरध्वनी. शस्त्रक्रियेस निघालेल्या प्रत्येक रुग्णाच्या हाती ते असावे आणि परतताना त्याच कागदाच्या मागील बाजूस शल्यचिकित्सकाने 'बस्ती केव्हा, व्यायाम केव्हा, पीएसए केव्हा' हे लिहून द्यावे, अशी विनंती छापलेली असावी. संघटना छापेपर्यंत साध्या कागदावर आजच आरंभ करता येईल. मी माझ्या दवाखान्यात केला आहे, आणि आता माझ्याकडील प्रत्येक पुडीवर नाव असते.

इति अलम्.